जांभ्याखालचे पाणी : बिदर-कलबुर्गीची वाट

इ. स. १४७२ हे साल गोमंतकाच्या आणि बिदरच्या इतिहासात एकाच माणसाच्या नावाशी जोडलेले आहे. बहामनी वजीर महमूद गावान याने त्या वर्षी विजयनगरच्या ताब्यातले गोवा जिंकले आणि त्याच सुमारास राजधानी बिदरमध्ये त्याचा मदरसा उभा राहिला. तीन मजली, रंगीत झिलईच्या फरशांनी मढवलेली ही वास्तू १६९६ मध्ये आत साठवलेल्या दारूच्या स्फोटाने बरीचशी कोसळली. उरलेला मिनार आजही उभा आहे. आपला संबंध याहूनही जुना. कल्याणीचा चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याची कन्या मैललदेवी ही गोव्याचा कदंब राजा दुसरा जयकेशी याची राणी. ते कल्याण म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण!

असे असूनही आपल्याकडचा माणूस त्या बाजूला जातो तो गाणगापूरला. भीमा-अमरजा संगमावर स्नान, निर्गुण पादुकांचे दर्शन, दुपारची माधुकरी आणि परतीची गाडी. 'गुरुचरित्रा'त ज्या वैदुरानगरच्या यवन राजाची कथा येते ते नगर म्हणजे बिदर, असे मानले जाते. पण पारायण करणाऱ्यांपैकी किती जणांनी बिदर पाहिले आहे? कलबुर्गी जिल्ह्यातल्याच सन्नतीची चंद्रलांबा ही अनेक मराठी घराण्यांची कुलदेवता. तिथल्या देवळाच्या आवारातील कालीमंदिराचे छत १९८६ मध्ये कोसळले आणि मूर्तीखाली बसवलेल्या शिळेवर अशोकाचे शिलालेख सापडले. जवळच्या कनगनहळ्ळीला मोठा बौद्ध स्तूप आणि अशोकाचे नाव कोरलेले त्याचे शिल्प मिळाले. कुलदेवतेची ओटी भरून परतणाऱ्या कित्येकांना हे ठाऊकही नसते.

अशा वेळी 'इथे पर्यटन वाढले पाहिजे' असे आपण चटकन म्हणतो. वाढले पाहिजे हे खरेच. पण कोणत्या मापाने? त्याचे उत्तर बिदरच्या जमिनीखालीच आहे.

बिदरचे पठार जांभ्याचे आहे, आपल्या गोव्याच्या चिऱ्यासारखेच. पावसाचे पाणी या सच्छिद्र दगडातून झिरपते आणि खालच्या काळ्या पाषाणावर अडते. पंधराव्या शतकात अहमदशहा वलीने कलबुर्ग्याहून राजधानी इथे आणली, तेव्हा या कोरड्या माळावर एवढे शहर जगवायचे कसे हा प्रश्न होताच. इराणी पद्धतीचे भुयारी कालवे, म्हणजे करेज, हे त्याचे उत्तर ठरले. नौबादचा करेज दोन किलोमीटरहून अधिक लांब आहे. जमिनीखाली हलक्या उताराचा बोगदा आणि वर ठराविक अंतरावर विहिरीसारखी उभी विवरे. पंप नाही, मोट नाही. जेवढे झिरपते तेवढेच वाहत येते. जमीन देईल तेवढेच घ्यायचे, हा त्यामागचा हिशेब. कूपनलिका हा हिशेब पाळत नाही. गाळाने बुजलेला हा करेज गेल्या दशकात साफ करण्यात आला. पण वरच्या पठारावर इमारती उभ्या राहिल्या तर पाणी झिरपणार कुठून? किनाऱ्यावर हॉटेले आणि सड्यांवर वसाहती उभ्या राहताना गावच्या झरी आटताना पाहिलेल्या गोवेकराला हे वेगळे सांगायला नको.

हाच हिशेब काळविटांनाही लागू पडतो. बिदर आणि कलबुर्गीच्या माळरानांवर आजही काळविटांचे कळप दिसतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी. पण ज्या गवताळ माळावर तो जगतो त्याला सरकारी कागद 'पडीक' म्हणतो. पडीक म्हटले की ती जमीन कशालाही द्यायला मोकळी! माळ घटला की काळवीट तुरीच्या आणि हरभऱ्याच्या शेतात शिरतो आणि शेतकऱ्याच्या लेखी शत्रू ठरतो. काळवीट पाहायला येणाऱ्याचा पैसा जीपवाल्याकडे गेला आणि नासाडी शेतकऱ्याच्या पदरात पडली, तर ते पर्यटन टिकणार नाही. काळवीटही टिकणार नाही.

चिंचोळीचे उदाहरण असेच. कलबुर्गी जिल्ह्यातले हे सुमारे १३५ चौरस किलोमीटरचे शुष्क पानझडी जंगल २०११ मध्ये अभयारण्य झाले. तिथे लमाणी तांडे आहेत. गोव्याच्या किनाऱ्यांवर आरसेकामाच्या पिशव्या विकणाऱ्या लमाणी बायका आपण नेहमी पाहतो. आपली माती सोडून त्यांना इतक्या दूर का यावे लागते, हे विचारत नाही. जंगल दाखवण्याचे, पाहुण्याला भाकरी रांधून घालण्याचे काम तांड्यालाच मिळाले, तर निदान काही जणींना समुद्रापर्यंत यावे लागणार नाही.

बिदरी कामाकडे पाहा. जस्त आणि थोडे तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदीची तार ठोकतात आणि शेवटी किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या मिश्रणाने घासतात. धातू काळाभोर होतो, चांदी तशीच लखलखते. २००६ मध्ये या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले. कारागीर मानतात की ही किमया वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेल्या मातीची आहे. किल्ल्याच्या आवारात नवी बांधकामे उभी करून ही माती शिल्लक राहील काय?

या भागाला पर्यटक नव्याने शोधावे लागणार नाहीत. दर पौर्णिमेला गाणगापूरची वाट भरून वाहते. या यात्रेकरूंनी आणखी दोन दिवस काढले, सन्नतीला देवीबरोबर अशोकाची शिळाही पाहिली, बिदरमध्ये करेजचे विवर वाकून पाहिले, कारागिराच्या दुकानातूनच एखादी डबी घेतली आणि मुक्काम गावातल्या घरी केला, तरी पुष्कळ होईल. त्यासाठी डोंगर कापावा लागत नाही. मात्र किती खोल्या बांधायच्या हे ठरवताना आधी करेजमध्ये किती पाणी आहे ते पाहावे लागेल. गोव्याने हा प्रश्न वेळेवर विचारला नाही. बिदरला अजून वेळ आहे.