रानमांजर (बाऊल)

मार्जार कुळातील मध्यम आकाराचा सस्तन प्राणी. शास्त्रीय नाव फेलिस चाउस. इजिप्तपासून आग्नेय आशियापर्यंत आढळतो. कानांच्या टोकांवर काळ्या केसांचे लहान झुपके असल्याने इंग्रजीत त्याला 'जंगल लिंक्स' असेही म्हणत. खरा लिंक्स ही प्रजातीच निराळी.

वजन साधारण 5 ते 6 किलो, पाय लांब, रंग वाळल्या गवतासारखा. अंगावर ठिपके नसतात. गावातल्या बोक्यापासून ओळखायचे तर शेपूट पाहावी: ती आखूड असते आणि टोकाकडे काळी वलये असतात.

नावात रान असले तरी दाट जंगल त्याला फारसे रुचत नाही. गवताळ माळ, नदीकाठची झुडपे, गायरान आणि उभे पीक ही त्याची हक्काची जागा. वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य जेमतेम 18 चौरस किमीचे. त्यामुळे इथल्या रानमांजराचा संसार बहुतेक शेतकऱ्यांच्या धुऱ्यांवर आणि तुरी-पऱ्हाटीच्या ओळींतच चालतो. पहाटे व तिन्हीसांजेला ते शिकारीला निघते, कधी भरदिवसाही दिसते. दबा धरून, कान वळवत उंदराची खसफस टिपते आणि उंच झेप घेऊन वरून पडते. ससे, तितर, सरडे, सापही खाते. राजस्थानातील सरिस्का येथील अभ्यासानुसार एक रानमांजर दिवसाला 3 ते 5 उंदीरवर्गीय प्राणी फस्त करते. शेतकऱ्याचा एवढा मोठा फुकटचा राखणदार दुसरा क्वचितच असेल, तरी कोंबड्या नेतो म्हणून मार त्यालाच बसतो.

गर्भकाळ सुमारे 9 आठवडे; बहुधा 3 पिल्ले होतात. पिल्लांच्या अंगावर पट्टे असतात, म्हणून तुरीच्या सवंगणीत ती सापडली की बिबट्याची समजून गावभर ओरड होते. अशी पिल्ले उचलू नयेत, दूध पाजू नये. तेवढा तुकडा सोडून काम करावे व वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. आई सहसा रात्री येऊन एकेक पिल्लू मानेला धरून हलवते. घरी नेलेली पिल्ले बहुधा जगत नाहीत.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये शिकारीस बंदी आहे. जागतिक पातळीवर जात संकटग्रस्त नाही. पण गायराने नांगरली जात आहेत, आणि जिल्ह्यातून गेलेल्या समृद्धी महामार्गासारख्या वेगवान रस्त्यांवर रात्रीच्या वाहनांचा धोका वाढला आहे.