पानशेतचा पूर आणि दुकानदारांचा विमा
१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि पुण्यातील मुठेकाठच्या पेठांमधील दुकानांत पाणी शिरून माल आणि उधारीच्या वह्या चिखलात गेल्या. त्या काळी आगीचा विमा मुख्यतः आग आणि वीज यांपुरता असे; पुराची जोखीम जादा हप्ता भरून जोडून घ्यावी लागे, तर चोरीसाठी पॉलिसी वेगळीच असे. १९७३ मध्ये सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन १०७ विमा संस्था चार कंपन्यांत एकवटल्या. पुढे रूढ झालेल्या दुकानदार विम्यात आग, घरफोडी, बँकेत नेताना लुटली गेलेली रोकड, दर्शनी काच, नोकराने केलेला अपहार अशा जोखमी एकाच पॉलिसीत आल्या, ही छोट्या व्यापाऱ्याची खरी सोय होती. मात्र त्यातील सरासरीचे कलम त्याला फार महाग पडे: दहा लाखांच्या मालाचा विमा पाच लाखांचाच उतरवला असेल, तर दोन लाखांच्या नुकसानीपोटी एकच लाख हाती येई. १ एप्रिल २०२१ पासूनच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठीच्या प्रमाणित पॉलिसीत पूर मूळ संरक्षणातच धरला असून, पंधरा टक्क्यांपर्यंतचा अपुरा विमा माफ केला आहे.