वर्ध्याचे किती चौकोन?

आर्वी आणि हिंगणघाट यांच्यात सरळ रेषेत साधारण ८० किलोमीटरचे अंतर आहे. आर्वीत नाले भरून वाहताहेत आणि हिंगणघाटला कपाशी माना टाकते आहे, हे वर्धा जिल्ह्याला नवे नाही. पण १९९४ साली देशात टी-८० नावाच्या जागतिक मॉडेलवरून हवामानाचे अंदाज निघू लागले, तेव्हा त्या गणिताला आर्वी वेगळी आणि हिंगणघाट वेगळे, हे ठाऊकच नव्हते. गणितासाठी नकाशावर आखलेला त्याचा एक चौकोन सुमारे १५० किलोमीटर बाजूचा. जिल्ह्याचे सगळे ६,३०९ चौरस किलोमीटर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात मावत होते.

या चौकोनांचा मूळपुरुष इंग्लंडचा लुईस फ्राय रिचर्डसन. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका पथकात काम करताना त्याने २० मे १९१० या दिवसाच्या हवामानाचे गणित हाताने सोडवले. नकाशावर चौकोन आखायचे, प्रत्येकात दाब, वारा, बाष्प यांचे आकडे भरायचे आणि शेजारच्या चौकोनांकडे पाहत पुढच्या तासांचे आकडे काढायचे. उत्तर साफ चुकले. सहा तासांत दाब १४५ मिलिबारने चढेल असे निघाले. तरी १९२२ साली त्याने ते सारे छापले. या प्रामाणिकपणाचे मोल मला फार वाटते, कारण आजची बहुतेक मॉडेल्स त्याच वाटेने चालतात. १९५० साली एनिॲक या संगणकावर २४ तासांचा अंदाज निघाला, त्याला जवळपास २४ तासच लागले.

आपल्याकडे १९८८ साली दिल्लीत राष्ट्रीय मध्यमावधी हवामान अंदाज केंद्र उभे राहिले, मुख्यतः शेतकऱ्याला काही दिवस आधी सांगता यावे म्हणून. त्यासाठी अमेरिकेचा क्रे एक्स-एमपी संगणक आला. त्याहून ताकदीचे यंत्र द्यायला अमेरिकेने हात आखडला, आणि त्याच वर्षी देशातच महासंगणक घडवायला पुण्यात सी-डॅक या संस्थेची स्थापना झाली. तिची धुरा होती मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याच्या डॉ. विजय भटकरांकडे. १९९१ साली तिचा परम ८००० हा महासंगणक तयार झाला. विदर्भाचे नाव या कुळात असे लागले.

पुढे चौकोन लहान होत गेले. २०१०च्या सुमारास ३५ किलोमीटर, म्हणजे वर्ध्याच्या वाट्याला जेमतेम पाच चौकोन. मग २५ किलोमीटर, म्हणजे दहा. त्यानंतरच्या टी-१५३४ने १२ किलोमीटर गाठले आणि जिल्ह्याचे ४४ तुकडे झाले. तरीही वर्धा शहर आणि आठ किलोमीटरवरचे सेवाग्राम एकाच चौकोनात पडू शकत होते.

चौकोनाची बाजू निम्मी केली की एका जागी चार चौकोन होतात, आणि काळाची पावलेही निम्मी करावी लागतात. म्हणजे काम आठपट. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत पार्थसारथी मुखोपाध्याय यांच्या चमूने हा भार टाळायला चौकोनांची जाळीच बदलली. मॉडेल हवेच्या हालचाली लाटांच्या रूपात मांडते. १५३४ ही त्या लाटांची संख्या. ती तशीच ठेवून सर्वांत आखूड लाटेसाठी जाळीचे दोनऐवजी चार बिंदू घेतले, म्हणजे चौकोनाची बाजू निम्मी, सुमारे सहा किलोमीटर झाली. जुन्या जाळीत ध्रुवांपाशी बिंदूंची नको तितकी दाटी व्हायची. नवी जाळी अष्टफलकावर आखलेली: ध्रुवाजवळच्या वर्तुळावर २० बिंदू, पुढच्या प्रत्येक वर्तुळावर चार जास्त, असे करत विषुववृत्तावर सहा हजारांवर. ही जाळी युरोपच्या हवामान केंद्राने २०१६ साली वापरात आणली होती.

पुण्याच्या जुन्या ‘प्रत्युष’ संगणकाला हे गणित सोडवायला दहा तासांपर्यंत लागत, ११.७७ पेटाफ्लॉप्स वेगाचा नवा ‘अर्क’ ते चार तासांत करतो. २६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ या नावाने हे मॉडेल कामाला लागले. सहा किलोमीटरच्या हिशेबाने वर्ध्याचे आता सुमारे १७५ चौकोन आहेत.

चक्रीवादळाचे मॉडेल वेगळे. हवामान खात्याच्या एचडब्ल्यूआरएफ या मॉडेलमध्ये वादळाबरोबर सरकणारी दोन किलोमीटरच्या चौकोनांची बारीक जाळी असते, पण तिला भोवतालचे आकडे जागतिक मॉडेलच पुरवते. वर्ध्याला वादळाचा तडाखा क्वचितच. इथे येतात ती बंगालच्या उपसागरातून ओडिशा, छत्तीसगड ओलांडणारी कमी दाबाची क्षेत्रे. त्यांचा मुसळधार पाऊस बहुधा केंद्राच्या नैर्ऋत्येला पडतो. वाट शंभर-दीडशे किलोमीटरने उत्तरेला हलली की वर्ध्याचा पाऊस बैतुलला जातो.

सहा किलोमीटरचा चौकोन म्हणजे सहा किलोमीटरपर्यंत अचूक अंदाज नव्हे. ढगांची रचना नीट पकडायला ओळीने चार-पाच चौकोन तरी लागतात, म्हणजे पंचवीस-तीस किलोमीटर. समुद्रपूरच्या एखाद्या शिवारावरचा वळवाचा ढग अजूनही निसटतो. आणि गणिताची सुरुवात मोजलेल्या आकड्यांवरून होते. नागपूरचे रडार वर्ध्याचे आभाळ पाहते, पण जमिनीवरचा पाऊस महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर मोजतात, आणि एका मंडळात कितीतरी गावे असतात. २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पडला की अतिवृष्टी, हा नियमही त्याच मापकावर चालतो. संगणकावर खर्च झाला, तो योग्यच झाला. आता प्रत्येक ग्रामपंचायतीत एक चालू, दुरुस्त पर्जन्यमापक हवा; ग्रामसभेत ही मागणी करा. आणि तोवर अंदाज कितीही बारीक आला, तरी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका.