प्रवाळाचे ‘फूल’ : एका सागरी प्राण्याच्या नामकरणाचा इतिहास

एखाद्या वस्तूला नाव देणे ही तिच्या ज्ञानाची पहिली पायरी होय, असे सामान्यतः मानले जाते. परंतु नाव हे कित्येकदा ज्ञानाच्या आधी येते, आणि मग पुढील ज्ञानाला त्या नावाची वाट अडवावी लागते की वाट दाखवावी लागते, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाइतकाच विज्ञानाच्या इतिहासकारालाही टाळता येत नाही. या प्रश्नाचा विचार करण्यास प्रवाळाचा इतिहास विशेष सोयीचा आहे. सुमारे दोन हजार वर्षे प्रवाळाची गणना कधी पाषाणात, कधी वनस्पतीत होत आली. तो प्राणी आहे हे युरोपात १८ व्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध झाले. आणि ज्याने ते प्रथम सिद्ध केले त्याचे म्हणणे पंधरा वर्षे कोणी मान्य केले नाही. हे असे का घडले याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम प्राचीनांची मते पाहू. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात थिओफ्रास्टस याने पाषाणांवरील आपल्या ग्रंथात प्रवाळाचा उल्लेख केला आहे. ते दगडासारखे, रंगाने तांबडे व मुळासारखे गोलाकार असून समुद्रात वाढते, असे तो सांगतो. रोमन कवी ओव्हिड याने मेड्यूसाच्या मस्तकाच्या स्पर्शाने समुद्रातील कोवळ्या वनस्पती कठीण झाल्या व त्यांपासून प्रवाळ उत्पन्न झाले, अशी कथा दिली. थोरल्या प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्रवाळाचे झुडूप पाण्यात हिरवे व मऊ असते आणि बाहेर काढताच तांबडे व कठीण होते, असे नमूद केले. डायोस्कोरिडीसने त्याला ‘पाषाणवृक्ष’ या अर्थाचे नाव दिल्याचे आढळते. या सर्व वर्णनांत एक गोष्ट समान आहे : वस्तूचा आकार झाडाचा आहे आणि पदार्थ दगडाचा आहे. तिसऱ्या शक्यतेचा, म्हणजे प्राण्याचा, विचार कोणाच्याही मनात आलेला दिसत नाही.

भारतीय परंपरेतही हाच प्रकार दिसतो. संस्कृतात ‘प्रवाल’ या शब्दाचा एक अर्थ कोवळा अंकुर किंवा नवी पालवी असा आहे, आणि दुसरा अर्थ समुद्रातील तांबडे रत्न असा आहे. त्याचा पर्याय ‘विद्रुम’ हा होय. त्याची परंपरागत फोड ‘विशेष प्रकारचा वृक्ष’ अशी केली जाते. अमरकोशात हे दोन्ही शब्द मोत्याच्या शेजारीच दिलेले आहेत. ‘प्रवाल’ पासून प्राकृतात ‘पवाल’ आणि पुढे मराठीत ‘पोवळे’ हा शब्द आला. वर्णपरिवर्तनाच्या ओघात अंकुराचा अर्थ मात्र संपूर्ण लोपला. पोवळे म्हणताना आज कोणाही मराठी माणसाच्या मनात पालवीची कल्पना येत नाही, माळेतला किंवा मंगळाच्या अंगठीतला मणी तेवढा येतो.

येथे एक भेद लक्षात घेणे अवश्य आहे. ज्या तांबड्या प्रवाळाला रत्नाचे मोल होते ते मुख्यतः भूमध्य समुद्रातून येत असे. ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात बॅरिगाझा, म्हणजे भडोच, व मुझिरिस या बंदरांत आयात होणाऱ्या मालाच्या यादीत प्रवाळाची नोंद आहे. आपल्याकडे मोत्यांना जेवढे महत्त्व तेवढे भारतीयांकडे प्रवाळाला आहे, असे प्लिनीही लिहितो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोशात घ्यावयाच्या रत्नांमध्ये प्रवाळाच्या जाती दिल्या आहेत. त्यांतील एका नावाचा संबंध काही अभ्यासकांनी अलेक्झांड्रिया नगराशी जोडला आहे. तात्पर्य, आपल्या पूर्वजांच्या हाती आलेले तांबडे प्रवाळ हे वाळलेले, घासलेले व मोल ठरलेले होते. ज्याने ते जिवंत पाहिलेच नाही त्याने त्याच्या जीवित्वाविषयी वाद घालावा अशी अपेक्षा करता येणार नाही. ‘प्रवाल’ हा शब्द आकारावरून दिलेला आहे. तो जीवशास्त्राचा सिद्धांत नव्हे.

आता मुख्य कथाभागाकडे वळू. १७०६ साली लुईजी फेर्दिनांदो मार्सिली या बोलोन्याच्या सरदाराने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर प्रवाळाच्या ताज्या फांद्या समुद्राच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांत ठेवल्या. काही काळाने त्या फांद्यांवर पांढरी, आठ पाकळ्यांची ‘फुले’ उमललेली त्याला दिसली. फांदी पाण्याबाहेर काढताच ती मिटत आणि पाण्यात परत ठेवताच पुन्हा उमलत. प्रवाळ ही वनस्पती आहे या मताला याहून प्रत्यक्ष पुरावा तो कोणता असणार? पाषाणवाद्यांचा पक्ष त्यामुळे दुबळा झाला, आणि मार्सिलीने समुद्राच्या निसर्गेतिहासावरील आपल्या १७२५ च्या ग्रंथात ही ‘फुले’ आकृत्यांसह प्रसिद्ध केली.

मार्सिलीचे निरीक्षण अचूक होते, ही गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. तांबडे प्रवाळ ज्या गटात मोडते त्या गटातील प्रत्येक जीवाला बरोबर आठ बाहू असतात, आणि त्या बाहूंच्या दोन्ही कडांना पिसासारखी बारीक दाते असल्यामुळे ते पाकळ्यांसारखे दिसतात. चूक पाहण्यात नव्हती. जे दिसले त्याला ‘फूल’ म्हटल्याबरोबर पुढचे प्रश्नही फुलाविषयीचेच झाले : बीज कोठे असेल, रस कोठून येत असेल, साल कोणते काम करीत असेल? ही फुले काही खातात काय, हा प्रश्न त्या मालिकेत बसत नव्हता.

झाँ-आंद्रे पेसोनेल (१६९४–१७५९) हा मार्सेयचा वैद्य. त्याने १७२३ साली त्याच किनाऱ्यावर आणि पुढे १७२५ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर प्रवाळ जिवंत स्थितीत पाहिले. त्यालाही तेच आठ ‘पाकळ्यांचे’ रूप दिसले. परंतु त्याने त्याची तुलना बागेतील फुलाशी न करता खडकांना चिकटून राहणाऱ्या समुद्रपुष्पाशी व अष्टपादाशी केली. स्पर्श होताच आखडणे, पाणी शांत होताच पसरणे, हे वर्तन त्याला त्या प्राण्यांच्या वर्तनासारखे वाटले. त्याने भांडे विस्तवाजवळ ठेवून पाहिले. ऊब लागताच ते जीव बाहेर पसरले, आणि पाणी उकळताच ते पसरलेल्या अवस्थेतच मेले, त्यामुळे त्यांचे नीट परीक्षण करता आले. मेलेले प्रवाळ कुजू लागले म्हणजे त्याला येणारी दुर्गंधी वनस्पतीची नसून मांसाची असते, हेही त्याने नोंदले. या सर्वांवरून त्याने असा निष्कर्ष काढला की, प्रवाळाचा दगडी भाग हे या लहान जीवांनी उत्पन्न केलेले घर आहे.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे हे मत गेले तेव्हा त्या काळचे श्रेष्ठ निसर्गशास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७२७ साली ते अमान्य केले. इतकेच नव्हे तर आपल्या निबंधात त्यांनी पेसोनेलचे नावही घेतले नाही. हे मत इतके विचित्र आहे की ते ज्याचे आहे त्याची नामुष्की होऊ नये, असा त्यांचा सद्भाव होता. पेसोनेल त्याच सुमारास राजवैद्य म्हणून ग्वादलूप बेटावर निघून गेला आणि वाद तेथेच थांबला.

रेओम्यूर यांना केवळ दुराग्रही ठरविणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. प्राणी म्हणजे चालणारा, एकसंध देहाचा, तोडला असता मरणारा जीव, अशी त्या काळची धारणा होती. फांद्या फुटणे, एका जागी रुजून वाढणे आणि तुकड्यापासून पुन्हा वाढ होणे ही वनस्पतीची लक्षणे समजली जात. या व्याख्या कायम ठेवल्या तर झाडासारख्या फांद्या फुटणाऱ्या वस्तूला प्राणी म्हणणे हा तर्कदोषच ठरतो. पेसोनेलने पुरावा आणला होता. पण तो पुरावा ठेवण्यासाठी त्या काळच्या विचारात कप्पाच नव्हता.

तो कप्पा समुद्रात नव्हे, एका गोड्या पाण्याच्या डबक्यात सापडला. १७४० साली हॉलंडमधील हेगजवळ आब्राहाम त्रांब्ले या जिनेव्हाच्या तरुण शिक्षकाला पाणवनस्पतींवर चिकटलेला एक सूक्ष्म हिरवा जीव आढळला. तो वनस्पती की प्राणी हे ठरविण्यासाठी त्याने तो मधोमध कापला. वनस्पती असेल तर दोन्ही तुकडे जगतील, असा त्याचा विचार होता. दोन्ही तुकडे जगले व पूर्ण वाढले. परंतु तोच जीव बाहूंनी भक्ष्य पकडून गिळतो आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकतो, हेही त्याने पाहिले. त्याच्या अंगावर कळ्यांसारखे नवे जीव फुटत. रेओम्यूर यांनी स्वतः हा प्रयोग करून पाहिला आणि या जीवाला ‘पॉलिप’ हे नाव रूढ झाले. मूळ ग्रीकमध्ये ‘पुष्कळ पायांचा’ असा त्याचा अर्थ असून प्राचीनांनी तो शब्द अष्टपादासाठी योजिला होता. पेसोनेलने केलेली तुलना अशा रीतीने आडवळणाने शास्त्राच्या परिभाषेत शिरली.

आता प्राण्याला कळ्या फुटू शकतात हे मान्य झाल्यावर प्रवाळाविषयीची मुख्य हरकत आपोआप नाहीशी झाली. १७४१ साली बेर्नार द ज्युस्यू यांनी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जाऊन अनेक तथाकथित सागरी वनस्पतींत असे पॉलिप असल्याची खात्री करून घेतली. १७४२ साली कीटकांवरील आपल्या ग्रंथाच्या सहाव्या खंडाच्या प्रस्तावनेत रेओम्यूर यांनी पेसोनेलचे नाव घेऊन त्याचे म्हणणे खरे असल्याचे जाहीर केले. पेसोनेलच्या विस्तृत हस्तलिखिताचा गोषवारा १७५२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला, आणि १७५५ साली जॉन एलिस या व्यापारी निसर्गाभ्यासकाने सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने या मताला भक्कम आधार दिला.

तरीही शंका एकदम मिटल्या नाहीत. लिनेयस यांनी १७५८ च्या वर्गीकरणात या जीवांना कृमींच्या वर्गात स्थान दिले खरे. पण गणांची नावे ‘पाषाणवनस्पती’ व ‘प्राणिवनस्पती’ या अर्थाचीच ठेवली. उलट एलिसने उत्साहाच्या भरात काही चुनखडीयुक्त शैवलांनाही प्राणी मानले. ती खरोखरच वनस्पती आहेत हे १९ व्या शतकात स्पष्ट झाले. एका चुकीच्या नावातून सुटलेले मन दुसऱ्या टोकाला जाते, याचे हे उदाहरण होय. १८६४ साली लाकाझ-द्युतिए यांनी तांबड्या प्रवाळाच्या शरीररचनेचा व प्रजननाचा सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा हा अध्याय पूर्ण झाला.

आजच्या ज्ञानानुसार प्रवाळाचा प्रत्येक पॉलिप म्हणजे एक पोकळ नळी असून तिला तोंड हे एकच द्वार असते. तोंडाभोवती संस्पर्शक बाहू असतात व त्यांवर भक्ष्याला बधिर करणाऱ्या दंशकोशिका असतात. जेलीफिश, समुद्रपुष्प व हायड्रा हे सर्व याच संघात येतात, आणि या संघाच्या दहा हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. तांबड्या प्रवाळाच्या गटात बाहूंची संख्या आठ, तर प्रवाळभित्ती बांधणाऱ्या गटात ती साधारणतः सहाच्या पटीत असते. एका पॉलिपला कळ्या फुटून वसाहत तयार होते आणि तिचे घटक परस्परांशी जोडलेले राहतात. तांबड्या प्रवाळाची फांदी वर्षाला एक मिलिमीटरही जाड होत नाही. यावरून माळेतील एका मण्यामागे किती काळ उभा आहे याची कल्पना यावी.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. भित्ती बांधणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या देहात सूक्ष्म एककोशिक शैवले राहतात व प्रकाशाच्या साहाय्याने आपल्या यजमानाला अन्न पुरवितात. कार्ल ब्रांट यांनी १८८१ साली अशा पिवळ्या शैवलांना नाव दिले. मग प्राचीनांचे ‘वनस्पती’ हे मत अंशतः खरेच नव्हते काय? मला हा युक्तिवाद मान्य करता येत नाही. ज्या तांबड्या प्रवाळाविषयी सारा वाद झाला त्याच्या देहात अशी शैवले नसतातच. ते प्रवाळ अंधाऱ्या कपारीतही वाढते. शिवाय प्राचीनांचा निष्कर्ष आकारावर आधारलेला होता, सहजीवनावर नव्हे. योगायोगाने जुळलेल्या शब्दाला ज्ञानाची प्रतिष्ठा देण्याचा मोह आपल्याकडे विशेष आहे. तो आवरला पाहिजे.

मग भाषेने विचाराला बांधून ठेवले, असे म्हणावे काय? तेही पूर्ण खरे नाही. मार्सिली आणि पेसोनेल यांनी एकच वस्तू, एकाच किनाऱ्यावर, जवळजवळ सारख्याच साधनांनी पाहिली, आणि ‘फूल’ हा शब्द दोघांनाही उपलब्ध होता. भेद होता तो तुलनेसाठी निवडलेल्या वस्तूत. नाव विचाराला बांधते ते आपण त्या नावाच्या जवळच्या वस्तूंशीच तुलना करीत राहिलो तर. आणि एकट्या निरीक्षकाने ते बंधन तोडले तरी पुरत नाही. ‘प्राणी’ या शब्दाची व्याख्या बदलेपर्यंत त्याचे खरे म्हणणेही लोकांना चमत्कारिकच वाटते. जुनी नावे त्यानंतरही टिकतात. १८३० च्या दशकात एरेनबेर्ख यांनी या वर्गाला दिलेल्या नावाचा अर्थ ‘पुष्पप्राणी’ असाच आहे, आणि आपला ‘समुद्रपुष्प’ हा शब्दही त्याच वळणाचा आहे. त्यांत काही अपाय नाही, कारण आता ते फूल उपमेपुरते उरले आहे.

मराठीत मात्र एक अडचण शिल्लक आहे व तिचा संबंध व्यवहाराशी येतो. मालवणच्या किनाऱ्यालगत जिवंत प्रवाळे आहेत. तेथील सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत भित्ती बांधणारी प्रवाळे, काळी प्रवाळे, समुद्रपंखे इत्यादींचा समावेश करण्यात आला. कायद्याला यांतील प्रत्येक गट वेगळा ओळखावा लागतो. आपल्या बोलण्यात मात्र सोनाराचे पोवळे आणि खडकावरचा जिवंत प्राणी यांना जोडणारा धागा तुटला आहे, आणि मण्यासाठी एका जिवंत वसाहतीचा देह लागतो हे शब्दातून सुचत नाही. नवी परिभाषा घडविणाऱ्यांनी जुने शब्द टाकून द्यावेत असा याचा अर्थ नव्हे. ‘प्रवाळ’ हा शब्द पाठ्यपुस्तकात आणताना त्याच्या अर्थाची ही वाटचाल विद्यार्थ्यासमोर ठेवावी, एवढेच सुचवावयाचे आहे. पेसोनेलने जे पाहिले ते कोणत्याही शब्दकोशात नव्हते. पाण्याच्या भांड्यात होते.