आंकिक त्रुटी व गाळणी (संक्षोभी प्रवाहाच्या प्रतिरूपणातील)

संक्षोभी प्रवाहाची समीकरणे संगणकाच्या जाळीवर सोडवताना शिरणाऱ्या चुका आणि जाळीत न मावणारे भोवरे वेगळे काढण्याची गणिती क्रिया (पहा : द्रायुयामिकी). सगळे भोवरे सोडवण्याइतकी बारीक जाळी परवडत नाही. म्हणून लहान भोवऱ्यांचा परिणाम सूत्राने धरतात. वातावरणासाठी असे सूत्र जोसेफ स्मॅगोरिन्स्की यांनी १९६३ मध्ये मांडले.

दोन लहरींच्या गुणाकारातून जाळीपेक्षा बारीक लहर उपजते. जाळीवर ती लांब लहर म्हणून दिसते, तिची ऊर्जा भलत्या जागी साठते आणि गणित फुटते (नॉर्मन फिलिप्स, १९५९). स्टीव्हन ऑर्सझॅग यांच्या १९७१ च्या नियमानुसार वरच्या एक-तृतीयांश लहरी शून्य केल्यास वर्गपदांतील ही त्रुटी जाते. गाळणी जाळीच्या अंतराएवढीच अरुंद ठेवल्यास मात्र त्रुटी लहान भोवऱ्यांच्या परिणामावर मात करू शकते.

जाळीची मर्यादा भूरूपातही जाणवते. खालापूर तालुक्यातील खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत बोरघाटात सह्याद्री काही किलोमीटरांतच सुमारे ५०० मी. चढतो, कर्जत तालुक्यातील माथेरान सुमारे ८०० मी. उंच आहे. हवामान प्रतिरूपाच्या १२ किमी. जाळीत हे कडे साध्या उतारासारखे पसरतात. शिवाय लहरींच्या बेरजेत मांडून छाटलेल्या भूरूपामुळे सपाट समुद्रावरही खोटे उंचसखलपण उमटते (पहा : गिब्ज आविष्कार), ते गाळावे, तर घाट आणखी बसका होतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेली भारत फोरकास्ट सिस्टिम (२०२५) सुमारे ६ किमी. जाळी वापरते. तिच्या अष्टफलकी जाळीत एका लहरीमागे अधिक बिंदू असल्याने गाळणीची गरज घटते. बोरघाटाचा चढ मात्र अजूनही जाळीच्या एक-दोन घरांतच संपतो.