व्हकन्ताक्ते

व्हकन्ताक्ते : रशियन भाषिकांत सर्वाधिक प्रसार पावलेले समाजमाध्यम. मूळ रशियन शब्दप्रयोगाचा अर्थ ‘संपर्कात’ असा असून ‘व्ही के’ ह्या संक्षिप्त नावानेही ते ओळखले जाते. त्याची स्थापना २००६ मध्ये सेंट पीटर्झबर्ग येथे झाली. काही तरुणांच्या खाजगी उपक्रमातून निर्माण झालेले हे माध्यम पंधरा वर्षांच्या अवधीत राज्यसंस्थेशी निगडित अशा कंपन्यांच्या ताब्यात गेले. त्यामुळे त्याचा इतिहास हा केवळ एका उद्योगाचा इतिहास नसून सोव्हिएटोत्तर रशियातील विचारस्वातंत्र्य, खाजगी मालकी व राज्यसत्ता ह्यांच्या परस्परसंबंधांचाही इतिहास होय.

स्थापना व विकास : व्हकन्ताक्तेचा संस्थापक पाव्हेल दूरॉव्ह (१९८४– ) ह्याचा जन्म लेनिनग्राड (सेंट पीटर्झबर्ग) येथे झाला. सेंट पीटर्झबर्ग राज्य विद्यापीठाच्या भाषा-साहित्य शाखेतून तो २००६ मध्ये पदवीधर झाला. विद्यार्थिदशेतच त्याने अभ्यासाची टिपणे व विद्यार्थ्यांच्या चर्चा ह्यांसाठी संकेतस्थळे चालविली होती. व्हकन्ताक्तेची बीजे त्यांत आढळतात. त्याचा थोरला भाऊ न्यिकलाय दूरॉव्ह ह्याने आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये १९९६, १९९७ व १९९८ अशी लागोपाठ तीन वर्षे सुवर्णपदके मिळविली होती. माध्यमाच्या तांत्रिक रचनेची धुरा त्याने वाहिली. व्याचिस्लाव्ह मिरिलाश्व्हिली आणि ल्येव्ह लिव्हायेव्ह हे सहसंस्थापक असून आरंभीच्या भांडवलाची बाजू त्यांनी सांभाळली.

प्रारंभी विद्यार्थ्यांपुरता मर्यादित असलेला प्रवेश २००६ च्या अखेरीपर्यंत सर्वांना खुला करण्यात आला. अमेरिकेतील फेसबुकची (स्थापना २००४) बाह्य रचना व रंगसंगती ह्यांचे अनुकरण केल्याचा आरोप व्हकन्ताक्तेवर पहिल्यापासून होत आला. तथापि रशियन भाषेतील सुलभ मांडणी आणि वेगवान प्रतिसाद ह्यांमुळे त्याने फेसबुकला रशियात वरचढ होऊ दिले नाही. २००६ मध्येच सुरू झालेल्या व जुन्या वर्गमित्रांचा शोध घेण्यासाठी लोकप्रिय ठरलेल्या ‘अद्नक्लास्निकी’ ह्या रशियन समाजमाध्यमाशीही त्याची स्पर्धा होती. तरुण वर्गाने मात्र प्रामुख्याने व्हकन्ताक्तेचाच अवलंब केला. २०१० मध्ये नोंदणीकृत खात्यांची संख्या दहा कोटींवर गेली. नेव्हस्की राजमार्गावरील सिंगर भवन ह्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या प्रसिद्ध वास्तूत त्याचे कार्यालय थाटण्यात आले.

वैशिष्ट्ये : प्रत्येक सदस्याचे स्वतंत्र पृष्ठ, मित्रांची यादी, खाजगी संदेश, छायाचित्रसंग्रह, समाननिष्ठ लोकांचे गट व सार्वजनिक पृष्ठे ही त्याची प्रमुख अंगे होत. मित्रांनी मजकूर लिहावा, चित्रे काढावी ह्यासाठी असलेली ‘भिंत’ विशेष लोकप्रिय होती. २०१० मध्ये तिचे स्वरूप बदलून तिला सदस्याच्या स्वतःच्या टिपणांचे स्थान करण्यात आले, तेव्हा ‘दूरॉव्ह, भिंत परत दे’ ही मागणी इतकी पसरली, की पुढे ती रशियन बोलीत गमतीचा वाक्‌प्रचार बनली. मात्र व्हकन्ताक्तेचे फेसबुकहून वेगळेपण मुख्यतः संगीत व चित्रपट ह्यांच्या साठ्यात होते. सदस्यांनी चढविलेली गीते व चित्रपट इतर कोणालाही विनामूल्य उपलब्ध होत असत. त्यामुळे ते एकाच वेळी भेटीचे स्थळ, ग्रंथालय व चित्रपटगृह बनले.

स्वामित्वहक्काचे वाद : ह्याच साठ्यातून पहिला मोठा वाद उद्‌भवला. ‘पीटर एफ्एम्’ ह्या चित्रपटाच्या प्रसारणावरून रशियाच्या शासकीय दूरचित्रवाणी कंपनीने २००८ मध्ये व्हकन्ताक्तेविरुद्ध दावा लावला. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधीच्या कार्यालयाने स्वामित्वहक्कभंगासाठी कुप्रसिद्ध असलेल्या बाजारपेठांच्या यादीत व्हकन्ताक्तेचा समावेश केला. सोनी, युनिव्हर्सल व वॉर्नर ह्या तीन मोठ्या संगीतकंपन्यांनी एप्रिल २०१४ मध्ये सेंट पीटर्झबर्ग येथील न्यायालयात दावे दाखल केले. मजकूर सदस्य चढवितात, त्यामुळे त्याची जबाबदारी माध्यमावर येत नाही, अशी व्हकन्ताक्तेची भूमिका होती. २०१६ पर्यंत तिन्ही कंपन्यांशी परवान्याचे करार होऊन हा वाद बहुतांशी मिटला व विनामूल्य संगीतावर क्रमाक्रमाने मर्यादा आल्या.

राज्यसत्तेशी संघर्ष : ४ डिसेंबर २०११ रोजी झालेल्या दूमाच्या निवडणुकांत गैरप्रकार झाल्याच्या आरोपांवरून मॉस्को व अन्य शहरांत मोठी निदर्शने झाली. त्यांची जुळवाजुळव समाजमाध्यमांतून होत होती. रशियाच्या संघीय सुरक्षा सेवेने विरोधकांचे गट बंद करण्याची मागणी केली. दूरॉव्हने ती मागणीच जाहीर केली आणि उत्तरादाखल जीभ बाहेर काढलेल्या कुत्र्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले. गट बंद न करण्यामागे कोणतेही राजकीय तत्त्व नसून एका बाजूचे गट बंद केल्यास सदस्य परदेशी माध्यमांकडे वळतील, अशा आशयाचे व्यापारी समर्थनही त्याने केले.

पुढील संघर्ष मालकीच्या क्षेत्रात झाला. एप्रिल २०१३ मध्ये मिरिलाश्व्हिली व लिव्हायेव्ह ह्यांनी आपले ४८ टक्के भाग युनायटेड कॅपिटल पार्टनर्स ह्या गुंतवणूक संस्थेस विकले. दूरॉव्हला त्याची पूर्वकल्पना नव्हती. ऑगस्ट २०१३ मध्ये दूरॉव्ह बंधूंनी ‘टेलिग्राम’ ही संदेशसेवा सुरू केली. डिसेंबर २०१३ मध्ये कीव्ह येथील मैदान आंदोलनाच्या संघटकांची वैयक्तिक माहिती सुरक्षा सेवेने मागितली व आपण ती नाकारली, असे दूरॉव्हने एप्रिल २०१४ मध्ये उघड केले. तत्पूर्वी जानेवारी २०१४ मध्ये त्याने आपले १२ टक्के भाग विकले होते. २१ एप्रिल २०१४ रोजी त्यास पदावरून दूर करण्यात आले. व्हकन्ताक्ते आता इगॉर सेचिन व अलिशेर उस्मानॉव्ह ह्यांच्या संपूर्ण ताब्यात जात असल्याचे सांगून त्याने देश सोडला. सप्टेंबर २०१४ मध्ये उस्मानॉव्हच्या प्रभावाखालील मेल डॉट आरयू समूहाने उर्वरित ४८ टक्के भाग १४७ कोटी डॉलरना घेऊन पूर्ण मालकी मिळविली.

नियंत्रणाचा काळ : २०१४ नंतर रशियात सदस्यांची माहिती देशातच साठविण्याचे व ती तपासयंत्रणांना उपलब्ध करण्याचे कायदे झाले. व्हकन्ताक्तेवरील चित्र वा विनोद केवळ पुनःप्रसृत केल्याबद्दलही ‘अतिरेकी विचारां’च्या कलमाखाली सामान्य नागरिकांवर खटले भरण्यात आले. त्यांविरुद्ध असंतोष वाढल्यानंतर २०१८ मध्ये मेल डॉट आरयू समूहानेही कायद्यात दुरुस्तीची मागणी केली आणि वर्षअखेरीस दंडसंहितेचे २८२ वे कलम अंशतः सौम्य करण्यात आले. युक्रेनमध्ये अतिशय लोकप्रिय असलेल्या ह्या माध्यमावर राष्ट्राध्यक्ष प्येत्रो पोरोशेन्को ह्यांच्या आदेशान्वये मे २०१७ मध्ये बंदी घालण्यात आली. राष्ट्रीय सुरक्षेसाठी ती आवश्यक असल्याचे समर्थन झाले, तसेच ती विचारस्वातंत्र्याचा संकोच करते अशी टीकाही झाली.

किशोरवयीनांना आत्मघातास प्रवृत्त करणाऱ्या ‘निळा देवमासा’ ह्या तथाकथित खेळाचा उगमही व्हकन्ताक्तेवरील काही गटांत असल्याची वृत्ते २०१६ पासून प्रसृत झाली. भारतातही त्यांचे पडसाद उमटले. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने समाजमाध्यमांना असे दुवे काढून टाकण्याचे आदेश दिले. मात्र तपासलेल्या घटनांत ह्या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही, असे जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत सांगण्यात आले. वस्तुस्थितीपेक्षा भयाचाच प्रसार अधिक झाल्याचे हे उदाहरण होय.

ऑक्टोबर २०२१ मध्ये मेल डॉट आरयू समूहाने ‘व्ही के’ हेच नाव धारण केले. डिसेंबर २०२१ मध्ये उस्मानॉव्हच्या समूहाचा भाग सोगाझ ह्या विमा कंपनीस विकला जाऊन नियंत्रण ती कंपनी व गाझप्रॉम-मीडिया ह्यांच्याकडे गेले. राष्ट्राध्यक्षांच्या प्रशासनातील उच्चाधिकारी स्यिर्गेई किरियेन्को ह्याचा पुत्र व्लाद्यीमिर किरियेन्को हा प्रमुख झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर मार्चमध्ये फेसबुक व इन्स्टाग्राम रशियात बंद करण्यात आले आणि त्यांचा वापरकर्ता वर्ग मोठ्या प्रमाणावर व्हकन्ताक्तेकडे वळला. २०२५ मध्ये ह्याच कंपनीने ‘मॅक्स’ ही संदेशसेवा आणली. तिला राष्ट्रीय संदेशसेवेचा दर्जा मिळून १ सप्टेंबर २०२५ पासून रशियात विकल्या जाणाऱ्या नव्या दूरध्वनिसंचांत ती आधीच बसविणे बंधनकारक झाले.

मूल्यमापन : परदेशी स्पर्धेस तोंड देऊन स्वभाषेत उभे राहिलेले समाजमाध्यम म्हणून व्हकन्ताक्तेचे यश निर्विवाद आहे. परंतु ज्या एकवटलेल्या माहितीसाठ्यामुळे कोट्यवधी लोक परस्परांना जोडले गेले, तोच साठा मालक बदलताच त्यांच्यावर पाळत ठेवण्याचे साधन होऊ शकला. संस्थापकाचा वैयक्तिक नकार काही काळ सदस्यांचे संरक्षण करू शकला. कायदा व स्वतंत्र न्यायसंस्था ह्यांचे पाठबळ नसल्याने ते संरक्षण त्याच्याबरोबरच संपुष्टात आले.