पंडिता रमाबाईंच्या धर्मविचारातील स्वातंत्र्य

धर्मनिष्ठा स्वीकारली म्हणजे विचारस्वातंत्र्य संपले, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या धर्मविचाराचा उलगडा या गृहीतकाने होत नाही.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे रमाबाईंनी अँग्लिकन पंथाचा बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लवकरच तेथील मठवासिनी सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा मतभेद सुरू झाला. तो पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्रैक्याचा सिद्धांत केवळ चर्चच्या अधिकारावरून मान्य करण्यास रमाबाईंनी नकार दिला. त्यांना मिळालेल्या क्रुसावरील लॅटिन अक्षरांनाही त्यांनी हरकत घेतली. लॅटिन संस्कृतहून अधिक पवित्र कशी, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे बिशपांनी सुचविले, तेव्हा आपल्या आचरणाचा निर्णय परस्पर इतरांनी घ्यावा हे त्यांना रुचले नाही.

या सर्व आक्षेपांच्या मुळाशी एकच भूमिका आहे. बाप्तिस्मा म्हणजे ईश्वराशी केलेला करार होय. सदसद्विवेक धर्माधिकाऱ्यांच्या स्वाधीन करणे नव्हे. एका पुरोहितवर्गाचे जोखड झुगारून दुसऱ्याचे पत्करणे त्यांना मान्य नव्हते. पुराणिक पित्याच्या घरी संस्कृत शिकून १८७८ साली कलकत्त्यात ‘पंडिता’ ही पदवी मिळविलेल्या या विदुषीने प्रमाण मागण्याची शास्त्रार्थातील रीत नव्या धर्मातही सोडली नाही, असेच म्हणावे लागते.

या तत्त्वाची खरी कसोटी पुढे लागली. १८८९ साली मुंबईत स्थापन झालेले शारदा सदन पुढील वर्षी पुण्यास आले. धर्मप्रसाराच्या आरोपावरून १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार दूर झाले. आपण कोणावर सक्ती करीत नाही. मात्र प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार उघडे असते आणि येणाऱ्या मुलीस आपण अडविणार नाही, असे रमाबाईंचे म्हणणे होते. त्यात विसंगती नाही. परंतु प्रश्नही संपत नाही. जिचे अन्न आणि आसरा त्याच घरी आहे, त्या विधवेने उघड्या दाराचा केलेला स्वीकार कितपत स्वतंत्र मानावा? स्वतःसाठी रमाबाईंनी जो प्रश्न इतक्या निर्भयपणे विचारला, तो आश्रितांच्या बाबतीत त्यांच्या टीकाकारांनी विचारला, हे न्यायाने मान्य केले पाहिजे.

उत्तरायुष्यात केडगावच्या मुक्ती सदनात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. सामान्य स्त्रीला मूळ वचनाचा अर्थ मध्यस्थावाचून कळावा, हा त्यामागील हेतू होता. १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ते संपूर्ण प्रसिद्ध झाले. वाँटेजला त्यांनी स्वतःसाठी मागितलेला अधिकार या भाषांतराने वाचणाऱ्या प्रत्येकीला देऊ केला.